तोंडओळख

आज बोट सुटणार नाही.
सकाळपासून एकोणीस जणांना सांगितलं,
काचेच्या भोकातून, एकाच सुरात.
विसाव्याला सांगताना मला जांभई आली.
त्यालाही आली. मग तो हसला आणि गेला,
चौकात बांधलेला दोर धरून धरून.
पुन्ता आरेनासला वारा माजला की
रस्त्यांत दोर बांधतात, माणसांनी धरायला.
बाहेरच्यांना ही थाप वाटते.

सामुद्रधुनी फेसाने पांढरी झाली आहे.
हीटर नुसता गुरगुरतो, ऊब देत नाही.
समोर एक पुस्तक,
कुणी प्रवासी बाकावर विसरून गेला ते,
मधमाश्या पाळण्यावरचं.
इथे, जिथे फुलांनाच डोकं वर काढायची धास्ती.
तरी वाचते.
वाचते कसली, त्रेचाळिसाव्या पानावर बसून आहे.
नवी राणी एकदम पोळ्यात सोडू नये,
आधी पिंजऱ्यात ठेवावी, वास ओळखीचा होऊ द्यावा.
सहा वेळा वाचली ही ओळ.
ओळ ओळखीची झाली, पुढची सुचेना.
बाहेर आख्खं शहर उडतंय
आणि माझं एक पान हलत नाही.

कारण त्या बोटीने तो येणार होता.

पलीकडे, पोर्वेनीरला, तो फ्रीज दुरुस्त करतो.
सात महिने झाले, रात्री फोनवर
आम्ही शब्दांचा खेळ खेळतो.
हरला की लिहितो, गॅस संपला.
त्याला उकडलेल्या अंड्याचा वास सोसत नाही, माहीत आहे.
बहिणीने तीन वर्षं फोन केला नाही, तेही.
आवाज माहीत नाही.
फोटोच्या जागी त्याने कुत्रा लावलाय,
मी समुद्र.
सात महिन्यांची ओळख,
तोंडओळख तेवढी राहिली.

मी कुठे काम करते ते सांगितलं नाही.
ऑफिसात, म्हटलं.
खोटं नाही ते. टेबल आहे, शिक्का आहे.
आणि काल यादी छापताना
एकतिसाव्या आसनावर तोच निघाला:
बार्रिया, रेनान.
परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं.
घाबरलेला माणूस परतीचं आधी काढतो,
अकरा वर्षं खिडकीत बसून एवढं कळतं.
मी मात्र रात्री न्हाणीघरात उभं राहून
स्वतःच कपाळावरचे केस कापले.
घाईत मारलेल्या शिक्क्यासारखे
तिरपे बसलेत.

दहाला त्याचा मेसेज: बोट रद्द. वाईट झालं.
मी लिहिलं, फारच वाईट.
मग दोन्ही काठांवर दोघांनी
एकदमच बूट काढले असावेत.

साडेतीनला वारा पडला.
असा, कुणी दार लावून घ्यावं तसा.
वायरलेसवर एदुल्याबाई म्हणाल्या,
मिर्ता, पाचला पलीकडून सुटतेय, सगळ्यांना कळव.
सगळ्यांना म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला,
फोन करून, क्रमाने.

तिसापर्यंत सुरळीत.
मग पाणी प्यायले. पेन्सिलला टोक केलं.
टोक होतंच.

हॅलो, सेन्योर बार्रिया?
बोट पाचला सुटते आहे.
तिकडे काहीतरी खाली पडलं, पत्र्याचं.
अच्छा, तो म्हणाला.
हा असा आहे तर आवाज,
थोडा सर्दी झाल्यासारखा.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग: बाई, तुम्हाला काय वाटतं, यावं का?

नियमाप्रमाणे मी हवामान सांगायचं असतं.
मी हवामान सांगितलं.
लाटा दीड मीटर, म्हटलं, उतरताहेत.
आणि मग, ऑफिसात कुणीच नव्हतं म्हणून,
म्हटलं, या.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं,
मी उभी होते.

बत्तिसाव्या आसनावर एक आजोबा,
त्यांना ऐकू येत नाही.
त्यांना तीनदा ओरडून सांगितलं,
बोट सुटणार, सुटणार, सुटणार.